विली ताउफाचा उजवा हात

ज्याचा न्यायावर विश्वास असतो, त्याची मान कुणापुढे वाकत नाही. नेव्हिल रॅम्सडेनची मान बुधवार संध्याकाळपासून वाकतच नव्हती. डावीकडे वळतही नव्हती.

त्या बुधवारी स्केलबरोच्या कामगार क्लबात, वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या हॉलात, रग्बी लीग समर्थक मंडळाची तातडीची सभा भरली होती. विषय एकच. शनिवारच्या अंतिम सामन्याला जाणाऱ्या बसमध्ये नेव्हिलला बसू द्यायचं की नाही.

स्केलबरोचा संघ अंतिम सामन्यात पोचलाय, ही गोष्ट गावाला अजून नीट पचली नव्हती. नेव्हिल पहिल्यांदा मैदानावर गेला तो वडिलांच्या खांद्यावर बसून. आता तो एकसष्ट वर्षांचा होता. मधल्या काळात संघाने पुष्कळ काही गमावलं होतं, पण अंतिम सामना गमावण्याची संधी काही एकदाही मिळवली नव्हती. तिकिटं मंडळाने एकगठ्ठा घेतली होती आणि ती बसच्या पायरीवर हातात पडणार होती. बस नाही तर तिकीट नाही. आणि तिकीट नाही तर मग पुढच्या वेळी, म्हणजे संघाचा आजवरचा वेग पाहता, नेव्हिलने शंभरी ओलांडल्यावर.

भानगड अशी झाली होती. उपांत्य सामन्यात विली ताउफाने समोरच्या संघातल्या एका माणसाला पाडलं. विली टोंगा बेटांवरून आलेला, एकशे वीस किलोंचा, संघाच्या पुढच्या फळीचा खांब. जे गाव परक्याला तिसऱ्या पिढीपर्यंत परका म्हणतं, त्या गावाने विलीला दुसऱ्या आठवड्यात आपला म्हटलं होतं. ज्याला पाडलं तो एलिस ट्विस्ट, उंचीने टपालपेटीएवढा. ट्विस्ट पडला तो उठलाच नाही, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. सामना स्केलबरोने जिंकला. मंगळवारी शिस्त समितीचा निकाल आला: चेंडूवाल्याला अडवून पाडणं, म्हणजे टॅकल, छातीवर चालतो, हा मानेवर; एका सामन्याची बंदी. तो एक सामना म्हणजे शनिवारचा. आणि संघाच्या मालकांनी अपीलसुद्धा केलं नाही.

मंगळवारी दुपारी ट्रेव्हर लमच्या खाटकाच्या दुकानात लोक रांगेत उभे राहून समितीचा उद्धार करत होते. नेव्हिलची पाळी आली. अर्धा किलो सॉसेज मागता मागता तो म्हणाला, "तसा टॅकल मानेवरच होता म्हणा."

ट्रेव्हरने सॉसेज तोललं, कागदात बांधलं, आणि दिलं नाही.

हे जास्त लागलं, कारण ट्रेव्हर आणि नेव्हिल बसमध्ये शेजारी शेजारी बसत. मागून तिसरी रांग. ट्रेव्हर खिडकीशी, कारण तो एकदा आत घुसला की मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला हलवण्याची कुणाची छाती नव्हती.

घरी ग्लिनिसपर्यंत, म्हणजे नेव्हिलच्या बायकोपर्यंत, प्रकरण त्याच्या आधीच पोचलं होतं.

"मानेवर नव्हता म्हण की," ती म्हणाली. "दोन शब्द आहेत."

"पण होता."

"नेव्हिल, तू आता परीक्षक नाहीस."

हे मात्र खरं. नोकरीत असताना नेव्हिल वाहन परवान्याच्या परीक्षा घेई. आरशात न बघता वळलात, नापास. पादचाऱ्यासाठी थांबलात पण कुरकुरलात, तरी त्याची भुवई वर जाई. सख्ख्या मेव्हण्याला त्याने दोनदा नापास केलं होतं. बुधवारच्या सभेतले निम्मे लोक कधी ना कधी त्याच्या शेजारी बसून तळव्यांचा घाम पँटला पुसून गेले होते. गावात एक तरी निःपक्षपाती माणूस असावा असं सगळ्यांना वाटे. फक्त तो शेजारच्या गावात असावा.

"शांतता, शांतता," अध्यक्ष गॉर्डन पिकर्सगिल म्हणाला. त्याने संघाचा पिवळा-काळा टाय लावला होता. हॉलात शांतताच होती, कारण लोक वाटाण्यांबरोबर मटणाची पाई खात होते. "सभासद नेव्हिल रॅम्सडेन यांनी संघाविरुद्ध जाहीर वक्तव्य केलं आहे. अशा माणसाने आपल्या बसमध्ये बसावं का, हा प्रश्न आहे."

जागा रिकामी झालीच तर ती कुणाला जाणार हा प्रश्न नव्हता. ती गॉर्डनच्या जावयाला जाणार होती. ज्युलियन नावाचा तो जावई दक्षिणेकडचा होता. तिकडचे लोक लीगचा तेरा जणांचा खेळ सोडून पंधरा जणांचा तो साहेबी रग्बी खेळतात आणि मध्यंतरात वाइन पितात. तो मागच्या भिंतीला टेकून, आपल्याबद्दल काही चाललंय हे माहीत नसल्यासारखा, पाईच्या कडा काढून ठेवत होता.

"विचारा त्याला," पहिल्या रांगेतून ब्रेंडा ओल्डरॉइड म्हणाली, "क्रॉसलीवाल्यांनी काय खाऊ घातलंय ते." क्रॉसली म्हणजे शनिवारचा प्रतिस्पर्धी. ब्रेंडा पंचाहत्तरीची होती, सभेत विणकाम करे आणि सगळ्यांना बाळ म्हणे, शिवी देतानाही.

"ब्रेंडा, मला जे दिसलं तेवढंच मी बोललो."

"दिसलं? बाळ, तुला मी सिग्नल तोडतानाही दिसले होते. पिवळा होता तो."

"लाल होता."

"ऐका! ऐका! चाळीस वर्षं झाली, अजून तेच म्हणतोय मेला!"

हॉल खवळला. खुर्च्या सरकल्या. मागून कुणीतरी ओरडलं की विलीशिवाय आपली पुढची फळी म्हणजे पावसात ठेवलेला पुठ्ठा.

"त्याच्या जागी ते कीरन पोरगं येणार. मान बघितलीस का त्याची? त्यापेक्षा फुलाचा देठ जाड असतो."

"क्रॉसलीचे ते दोघे भाऊ त्याला पावाला लावून खातील."

"विली असता तर बारा गुणांनी जिंकलो असतो."

"आणि नसताना?"

"तिसाने हरतोय. लिहून ठेव."

"म्हणजे," गॉर्डन गंभीरपणे म्हणाला, "नेव्हिलमुळे संघाचं बेचाळीस गुणांचं नुकसान झालं."

"मी बंदी घातली नाही, गॉर्डन. समितीने घातली."

"समिती इथे नाही. तू आहेस."

या युक्तिवादावर टाळ्या पडल्या.

"आणि न्यायच म्हणतोस ना," एक जण उठला, "तर मे महिन्यात क्रॉसलीच्या त्या टकल्याने आपल्या पोराचा कान जवळजवळ उपटून हातात दिला. त्याला काय मिळालं? ताकीद! पत्र पाठवलं म्हणे, प्रेमाचं!"

"ते चुकलंच होतं," नेव्हिल म्हणाला. "टकल्याला दोन सामने बसवायला हवं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो होतो. इथेच. तेव्हा तुम्ही मला बिअर पाजली होती."

यावर सगळे एकदम बोलू लागले. पंचाची मेहुणी क्रॉसलीत राहते. व्हिडिओ पंच चहा पीत बसतो, त्याला काय दिसणार. मालक विकले गेलेत, नाहीतर अपील का नाही केलं? सांगा ना, का नाही केलं? हा प्रश्न तीन-चार जणांनी विचारला, पण छताकडे बघून. मालकांना फोन करून विचारावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. उत्तर मिळालं असतं तर एवढा चांगला प्रश्न वाया गेला असता.

ट्रेव्हर लमने दोन्ही हातांनी खुर्ची मागे सारली. तो उभा राहिला तेव्हा मागच्या दोन रांगांना व्यासपीठ दिसेनासं झालं.

"माझ्या दुकानात बोललास तू," तो म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकांपुढे. माझ्याशी बसमध्ये बोलला असतास तर मी ऐकून घेतलं असतं. तीस वर्षं ऐकतोच आहे."

"तू विचारलं असतंस तर बसमध्येही हेच सांगितलं असतं."

"तेच तर. तुला कधी विचारावं लागतच नाही." ट्रेव्हर खाली बसला. खुर्ची कळवळली.

गॉर्डनने आवाज मऊ केला. मऊ आवाजात तो नेहमीच जास्त धोकादायक वाटे. "नेव्हिल, आपण काही रानटी नाही. उभा राहा, म्हण, टॅकल छातीवर होता. मिटलं. तुझी जागा तुझी, तुझं तिकीट तुझं."

नेव्हिलला डोळ्यांपुढे बसची पायरी दिसली. तिकिटाचा कोपरा दिसला. वडील आठवले. ते दर वर्षी मोसम संपला की म्हणायचे, पुढच्या साली बघ. असं म्हणता म्हणता त्यांची सालं संपली. त्याने तोंड उघडलं.

"व्हिडिओ लावा," तो म्हणाला.

व्हिडिओ लावला. सभासदांनी तो घरी इतक्यांदा पाहिला होता की ट्विस्टच्या बुटांच्या नाड्या कुणी कशा बांधल्या हेही सांगता आलं असतं. विली धावत येतो, उजवा हात आडवा होतो, आणि तिथे ब्रेंडा ओरडते, "थांबव!" सगळे हाताकडे बघतात. हात मानेवर आहे की छातीवर, हे हॉलातल्या मोठ्या पडद्यावर घरच्या लहान पडद्यापेक्षा जास्त स्पष्टपणे कळत नव्हतं. पुढचं कुणी लावलंच नाही. विली उठला कसा, बाहेर गेला कसा, यात कुणाला रस नव्हता. वाद हाताचा होता.

"करून बघू," मागून आवाज आला.

ही मंडळाची जुनी रीत. पंचाच्या निर्णयावर वाद झाला की तो प्रसंग नाचाच्या फरशीवर पुन्हा घडवायचा. बिअरच्या ग्लासखालच्या चकत्या मांडून रेषा आखायच्या, खुर्च्या म्हणजे खांब, उशी म्हणजे चेंडू. अशा रीतीने मंडळाने आजवर कित्येक निर्णय फिरवले होते. सगळेच्या सगळे स्केलबरोच्या बाजूने फिरले होते, आणि त्यामुळे ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

"ट्विस्ट कोण होणार?"

सगळ्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. उंची बरोबर होती. शिवाय दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

"आणि विली?"

हे विचारावंच लागलं नाही. ट्रेव्हर कोट काढत होता. तरुणपणी तो गावच्या हौशी संघात पुढच्या फळीत खेळे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने खेळ सोडला, पण त्याच्या खांद्यांना कुणी तसं कळवलं नव्हतं.

नेव्हिलने उशी छातीशी धरली.

"धावताना वाक," ब्रेंडा म्हणाली. "ट्विस्ट वाकला होता."

"तो वाकला नव्हता."

"बाळ, तू आत्ता ट्विस्ट आहेस, वकील नाहीस. वाक."

"सरळ धाव," दुसऱ्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "नाहीतर नंतर म्हणशील वाकवलं म्हणून."

"हळू करा रे," गॉर्डन म्हणाला.

"हळू केलं तर कळणार कसं?"

नेव्हिल धावला. सरळ धावला, परीक्षेला बसल्यासारखा. ट्रेव्हर चार पावलं चालत आला आणि पाचव्याला त्याच्या अंगात आलं. त्याने हात छातीच्या उंचीवर धरला होता, हे सगळ्यांनी पाहिलं. पुढे हात गेला कुठे हे कुणी पाहिलं नाही, कारण सगळ्यांनी डोळे मिटले. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. ओलं लाकूड मोडताना होतो तसा.

नेव्हिलला छताला टांगलेला आरशांचा गोळा दिसला. तो फिरत नव्हता, पण नेव्हिलला फिरताना दिसला. त्याचा एक दात फरशीवरून घरंगळत ज्युलियनच्या बुटापाशी थांबला. ज्युलियनने पाय अदबीने मागे घेतला.

"वाकला!" ब्रेंडा म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलं. वाकला तो."

"छातीवरच होता," गॉर्डन म्हणाला. "नंतर थोडा सरकला असेल. तो भाग वेगळा."

दोघांनी नेव्हिलला उचलून खुर्चीत ठेवलं. कुणीतरी टॉवेलात बर्फ बांधून आणून दिला. ट्रेव्हर फरशीच्या मधोमध उभा राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. मनगटाच्या वर नेव्हिलच्या दातांची खूण उठली होती.

"मानेवर लागला," तो म्हणाला.

"काय?"

"मानेवर. माझा हात आहे, मला नाही कळणार? मी धरला होता छातीवर. धडक बसली तसा वर गेला. विलीचाही तसाच गेला असणार." त्याने नेव्हिलकडे पाहिलं. "हा बरोबर म्हणत होता."



"तूसुद्धा?" ब्रेंडाने सुया खाली ठेवल्या. "मूर्खा, तुझ्याकडून चाळीस वर्षं मटण घेते मी!"

"ट्रेव्हर," गॉर्डनने पुन्हा तो मऊ आवाज काढला, "विचार करून बोल. जागांचा प्रश्न आहे."

"जागांचाच आहे, गॉर्डन. पहिल्यापासून. दे माझी तुझ्या जावयाला, म्हणजे या बिचाऱ्याचे उरलेले दात तरी वाचतील."

जे सगळ्यांना माहीत होतं ते मोठ्याने बोललं गेल्यामुळे सगळ्यांना मोठा धक्का बसला. गॉर्डनच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्याने टेबलावर मूठ आपटली.

"मतदान नको. एकच विचारतो. टॅकल मानेवर होता असं या सभेत आणखी कुणाचं म्हणणं आहे?"

सगळी डोकी नेव्हिलकडे वळली.

नेव्हिलने टॉवेलाआड जीभ फिरवून पाहिली. खालचा एक दात गेला होता. जबडा ठणकत होता, पण जागेवर होता. जीभ हलत होती. ओठ मिटत होते. मानेवर. शब्द लहान होता, एकदा ओठ मिटून उघडले की झालं. समोर ट्रेव्हर उभा होता आणि त्याला शब्द ऐकू येईल इतक्या अंतरावर होता. ट्रेव्हरच्या मागे, हॉलाच्या भिंतीवर, शनिवारच्या बसची वेळ लावली होती.

नेव्हिलने टॉवेल तोंडावर आणखी घट्ट दाबला.

"बोलता येत नाही बिचाऱ्याला," ब्रेंडा म्हणाली. "दुखतंय का रे, बाळ?" इतक्या वर्षांत तिने त्याला विचारलेला हा पहिलाच प्रेमळ प्रश्न होता.

"कुणाचंच म्हणणं नाही," गॉर्डन घाईघाईने म्हणाला. "नेव्हिलची जागा कायम. ट्रेव्हरची रद्द. सभा संपली."

ट्रेव्हर थोडा वेळ तसाच थांबला, गिऱ्हाईक आणखी काही मागतंय का हे बघायला थांबावं तसा. मग कोट हातावर टाकून जिना उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज खालच्या बारपर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लिनिसने चहा ठेवला.

"साखर कमी आहे," नेव्हिल म्हणाला.

तिने साखरेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "म्हणजे बोलता येतंय."

"थोडं."

"आजपासून?"

नेव्हिल बराच वेळ चहा ढवळत बसला. त्याने साखर घातलीच नव्हती.

शुक्रवारी तो बाजारातून घरी आला तो उलट्या रस्त्याने, तरी ट्रेव्हरच्या दुकानाची काच लांबून दिसलीच. अंतिम सामन्यानिमित्त शनिवारी दुकान बंद, ही पाटी उतरली होती. तिथे नवी लागली होती. शनिवारी दुकान नेहमीप्रमाणे उघडं राहील.

शनिवारी बस वेळेवर सुटली. पायरीवर गॉर्डनने तिकीट हातात ठेवलं आणि खांद्यावर थाप मारली. ती थेट जबड्यापर्यंत पोचली. मागून तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, कोरा करकरीत पिवळा-काळा मफलर गुंडाळून ज्युलियन बसला होता. ट्रेव्हरच्या जागेतली त्याने इतकी थोडी व्यापली होती की मध्ये अजून एक माणूस बसला असता.

"मिस्टर रॅम्सडेन, एक विचारू का? चेंडू रेषेबाहेर गेला की तुमच्या या खेळात आमच्यासारख्या दोन्ही संघांच्या रांगा लावून तो वर उडवत नाहीत ना?"

"नाही."

"आणि तेराच जण?"

"तेराच."

"मग उरलेले दोघं कुठे जातात?"

ज्युलियन डाव्या बाजूला बसला होता आणि नेव्हिलची मान डावीकडे वळत नव्हती. प्रवासात सोय म्हणावी अशी तेवढीच.

डोंगर ओलांडून बस पलीकडच्या उताराला लागली तेव्हा ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. स्केलबरोच्या प्रशिक्षकाची मुलाखत चालू होती. बसमध्ये सगळ्यांनी एकमेकांना गप्प केलं.

"विली ताउफाची उणीव भासेल?" मुलाखतकाराने विचारलं.

"भासेलच की," प्रशिक्षक म्हणाला. "मोठा खेळाडू आहे. पण तो तसाही खेळणारच नव्हता. त्या टॅकलमध्ये त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालंय, आता मैदानावर एकदम मार्चमध्ये. अपील करून काय करणार होतो?"

"हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

ब्रेंडाच्या सुया थांबल्या. गॉर्डन पुढच्या आसनावरून मागे वळला आणि कुणाशीच नजर न मिळवता पुन्हा पुढे वळला. 

"टॅकल मानेवरच होता," नेव्हिल म्हणाला. अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

"असेल, बाळ," ब्रेंडा म्हणाली आणि सुटलेला टाका शोधू लागली.

ऑपरेशन सोमवारी झालं होतं. बंदी मंगळवारी आली.